स्क्रब टायफसनंतर मानसोपचार विभाग गाठताना: माझा अनुभव

पोळ्यानंतर सोयाबीनच्या वावरात निंदणाला जात होते, तेव्हा ताप आला. तीन दिवस साध्या तापाचं औषध चाललं. काखेत काळी खपली होती, ती कोणी पाहिलीच नाही. (गवतातला बारीक किडा चावल्याची ती खूण. तापात अशी खपली दिसली तर डॉक्टरांना आधी तीच दाखवा.) स्क्रब टायफस निघाला, डॉक्सीसायक्लिन सुरू झाली. ११ दिवस दवाखाना, त्यातले ५ आयसीयूत. वाचले.

लोक म्हणाले, नवा जन्म झाला. मला मात्र रात्री डोळा लागेना. लाईट गेली की शेजारचा इन्व्हर्टर आयसीयूतल्या मशीनसारखा टुं-टुं करतो. तो आवाज आला की मी खाटेवर उठून बसायची, ऑक्सिजनचा मास्क काढायला हात नाकाकडे जायचा, नाकावर काहीच नसायचं. आयसीयूत मला भिंतीवरून साप उतरताना दिसले होते. ते खरे होते की नाही हे कोणाला विचारायचीही लाज वाटायची. कापूस वेचता वेचता रडू फुटायचं.

आशाताईंनी ओळखलं. ग्रामीण रुग्णालयात जिल्ह्याची मानसिक आरोग्याची टीम ठरलेल्या दिवशी येते म्हणाल्या. मी गेले तो दिवस नेमका दुसराच. म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणी गेले, आणि केस पेपरच्या खिडकीवर अडले.

मागे वीस-पंचवीस माणसं. खिडकीतून मोठ्याने प्रश्न, "काय त्रास?" म्हटलं, झोप येत नाही. "तापाचं आहे का डोक्याचं?" मागून कोणीतरी बोललं, "डोक्याचंच दिसते बाईले." माझ्या तोंडून निघून गेलं, "तापाचं." केस पेपरवर मेडिसिन विभाग लिहिला गेला. दीड तास बाकावर बसले. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिले, सगळं नॉर्मल आहे म्हणाले, ताकदीच्या गोळ्या लिहिल्या. मी म्हटलं, साहेब, भीती वाटते. "त्यासाठी दुसरा केस पेपर काढा." परत रांगेत. माझा नंबर आला आणि खिडकी बंद झाली. बसस्टँडवर आमचे हे एक शब्द बोलले नाहीत. नुसती पाण्याची बाटली माझ्या हातात दिली. चार दिवस मी घराबाहेर निघाले नाही.

अजूनही त्या खिडकीचा राग आहे. आजाराची माहिती गुप्त राहावी हा २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने दिलेला हक्क आहे, आणि मला रांगेसमोर उत्तर द्यावं लागलं.

एका रात्री १४४१६ लावला. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर, फुकट, रात्रीही चालतो, मराठीत बोलतात. फोनवरच्या ताईंनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, खिडकीवर फक्त "मानसोपचार विभाग" म्हणा, बाकीचं डॉक्टरांना सांगा. तसंच केलं. बायांना एसटीचं अर्धं तिकीट आहे, म्हणून परत जायला पैशाची अडचण आली नाही.

आतल्या मॅडमनी मी न सांगताच विचारलं, "आयसीयूत काही दिसायचं का?" सापांचं सांगितलं. जबर ताप, कमी ऑक्सिजन आणि औषधांनी मेंदू गोंधळतो, आयसीयूतून आलेल्या पुष्कळ जणांना असं होतं, म्हणाल्या. मी तिथेच हमसून रडले. मॅडमनी घाई केली नाही.

डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स मात्र न्या. आयसीयूचे दिवस त्यावरूनच कळतात. मॅडमनी गोळी लिहून दिली. तिचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात आणि बरं वाटलं तरी आपल्या मनाने ती बंद करायची नाही, हे मॅडमनी दोनदा बजावलं. मला तिसऱ्या आठवड्यात सलग झोप लागली. पुढची तारीख मंगळवारची आहे. वेचणीला मजूर मिळत नाहीत, तरी जाणार आहे.