गाळलेली मिनिटं

थेरपीच्या चौथ्या सेशनला त्या गृहस्थांनी पत्नीच्या मृत्यूची हकिगत सांगितली, ती एखादा अहवाल वाचून दाखवावा तशी. सव्वासहाला ती स्वयंपाकघरात कोसळली. सहा वीसला फोन केला. सहा बत्तीसला ॲम्ब्युलन्स आली. मग हॉस्पिटल. सात वाजून पाच मिनिटांनी डॉक्टर बाहेर आले. वेळा तोंडपाठ, आवाज सपाट. मी अधूनमधून 'आत्ता त्रास किती?' एवढंच विचारत होते, शून्य ते शंभरच्या मोजपट्टीवर. उत्तरं यायची: वीस, पंचवीस, वीस. खुर्चीच्या हातावरची बोटं मात्र नखं पांढरी पडेपर्यंत आवळलेली. आकडा एक सांगतोय आणि हात दुसरंच सांगतायत, असं झालं की मी हातांचं खरं धरते.

ओळख पटेल असे सगळे तपशील इथे बदलले आहेत. गृहस्थ पन्नाशीतले, पत्नीला जाऊन चौदा महिने झालेले. माझ्याकडे आले ते 'झोप येत नाही' म्हणून. त्याआधी नैराश्यावरची गोळी सुरू झाली होती आणि तिचा उपयोगही झाला होता. भूक परतली होती, कामावर जाणं सुरू होतं. पण पत्नीची ओढ दिवसभर तशीच होती. ती गेलीय हे कळत होतं, पटत नव्हतं. तिच्याशिवाय आपण कोण, हा प्रश्न सुटत नव्हता. नैराश्यात माणसाचं लक्ष सगळ्यांतूनच उडतं. शोक अडकून बसतो तेव्हा ते सगळं एकाच माणसावर खिळून राहतं. हा फरक पहिल्या भेटीत नीट विचारून घेतला नाही तर पुढची दिशाच चुकते.

या अवस्थेला आता स्वतंत्र निदान आहे, दीर्घकालीन शोकविकार. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या वर्गीकरणात त्यासाठी मृत्यूनंतर किमान सहा महिन्यांची अट आहे. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या त्याच वर्षीच्या निकषांत प्रौढांसाठी बारा महिने, मुलांसाठी सहा. शिवाय अविश्वास, आठवणी टाळणं, बधिरपणा, जगण्यात अर्थ न उरणं अशा आठ लक्षणांपैकी किमान तीन, शेवटचा महिनाभर जवळजवळ रोज असावी लागतात. जवळचं माणूस गमावलेल्या प्रौढांपैकी दहातल्या साधारण एकाला हा त्रास होतो. उरलेल्या नऊ जणांना दुःख होत नाही असं नाही, त्यांचं दुःख हळूहळू आपली वाट काढतं. त्यांना माणसं लागतात, वेळ लागतो, थेरपी लागतेच असं नाही. सरसकट सगळ्यांना समुपदेशनाला पाठवायची जी टूम निघालीय ती मला पटत नाही.

'तुम्ही अजून नकाराच्या पायरीवर आहात' असं त्यांना कुणीतरी सुनावलं होतं, त्याचीही धास्ती होती. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी 1969 मध्ये त्या पाच पायऱ्या (नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार) मांडल्या त्या स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांनी त्या क्रमाने चढायच्या असतात असं त्यातून निघत नाही. हे ऐकल्यावर पहिल्यांदा त्यांचे खांदे जरा सैल झाले.

मी वापरते ती पद्धत अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ कॅथरीन शिअर यांनी बसवलेली आहे. आठवड्याला एक, अशी सोळा सेशन. पहिल्यात नात्याचा आणि मृत्यूचा इतिहास. दुसऱ्यापासून रोजची नोंदवही: दिवसातला सर्वांत तीव्र शोक किती, सर्वांत कमी किती, दोन्ही कधी आणि काय करताना, शून्य ते दहात. तिसऱ्याला घरातलं एखादं माणूस सोबत. हे तिन्ही टप्पे बाहेरून किरकोळ वाटतात. पण इथे गाठीचं टोक नोंदवहीतच सापडलं. त्यांचा सर्वांत वरचा आकडा फोटो बघताना नव्हता, रात्री अंथरुणावरही नव्हता. तो रोज संध्याकाळी, कामावरून घरी पोचताना होता. आठ, नऊ, आठ. घरात शिरल्यावर तोच चारवर यायचा. तिसऱ्या सेशनला मुलगी आली तेव्हा बोलता बोलता म्हणाली, "बाबा पुढच्या दारानं येतच नाहीत. मागच्यानं येतात. मला वाटलं, गाडी तिकडे लावतात म्हणून." ते काही बोलले नाहीत. मीही लगेच विचारलं नाही.

चौथ्या सेशनपासून मुख्य काम सुरू होतं. डोळे मिटायचे आणि मृत्यूची बातमी समोर उभी राहिली त्या क्षणापासून वर्तमानकाळात सांगायचं. 'ती पडली' नाही, 'ती पडतेय'. पहिल्या खेपेला दहा मिनिटं पुरतात. सगळं रेकॉर्ड होतं. मग डोळे उघडायचे आणि निदान तेवढाच वेळ, काय जाणवलं यावर बोलायचं. त्यानंतर ती गोष्ट मनातल्या मनात आवरून बाजूला ठेवायची, आणि घरी गेल्यावर स्वतःसाठी बरं वाटेल असं काय करणार ते ठरवूनच उठायचं. शेवटचे हे दोन भाग वेळ संपला म्हणून गाळले, तर माणूस उघड्या जखमेनिशी बाहेर पडतो आणि पुढच्या आठवड्यात येत नाही. म्हणून हे काम सेशन सुरू झाल्यावर पहिल्या पंधरा मिनिटांत हाती घ्यावं. ते जमणार नसेल तर त्या दिवशी घेऊ नये. जीव द्यायचे विचार नियोजनापर्यंत गेलेले असतील किंवा दारूवरच दिवस ढकलला जात असेल, तर आधी ते हातात घ्यायचं, हे नंतर.

त्या पहिल्या सांगण्यात त्यांचं वर्तमानकाळाचं बोट सारखं सुटत होतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ॲम्ब्युलन्स आल्यापासून हॉस्पिटलपर्यंतचा भाग दोन शब्दांत उरकला होता: 'मग हॉस्पिटल.' बाकी प्रत्येक मिनिट मोजलेलं आणि हीच मिनिटं गायब. पहिल्या खेपेला मी अशा जागी हात घालत नाही, फक्त टिपून ठेवते. इथे घाई केली की माणूस गोष्ट आपल्याला हवी तशी सांगायला लागतो.

पाचवं सेशन मात्र लक्षात राहण्यासारखं झालं. पुन्हा डोळे मिटले. या वेळी मी आधीच सांगितलं होतं की मधे मधे थांबवीन आणि हळू जायला सांगीन. ॲम्ब्युलन्स आली, दोघं जण आत आले, एक जण छाती दाबू लागला. आकडा तीस. स्ट्रेचर बाहेर काढतायत. चाळीस. 'मग हॉस्पिटल' असं म्हणणार तेवढ्यात मी म्हटलं, "इथे थांबा. स्ट्रेचर दारातून बाहेर गेलंय. तुम्ही कुठे आहात?"

बराच वेळ काहीच नाही. अशा वेळी थेरपिस्टला बोलायची फार खुमखुमी येते. ती आवरायची.

"दारात."

"काय दिसतंय?"

"कुलूप."

"आकडा?"

"नव्वद."

मग ते आलं. ॲम्ब्युलन्समध्ये चढायच्या आधी ते मागे वळले होते. किल्ली खिशात नव्हती. आत जाऊन टेबलावर शोधली, खुंटीवर शोधली, शेवटी ती फ्रिजवर सापडली. बाहेर येऊन कुलूप लावलं, ओढून पाहिलं, आणि पुन्हा एकदा ओढून पाहिलं. किती वेळ गेला? तीन मिनिटं असतील, चारही असतील. इतक्या वेळा पाठ असलेल्या माणसाला एवढी एकच वेळ सांगता येत नव्हती. ते घळाघळा रडत होते आणि वर्तमानकाळात बोलत होते, "मी कुलूप ओढून बघतोय. ती तिकडे आहे आणि मी कुलूप ओढून बघतोय."

या क्षणी बहुतेक जण चुकतात, अनुभवीसुद्धा. 'तुमची काही चूक नव्हती' हे वाक्य जिभेवर येतंच. ते म्हटलं की समोरच्याला कळतं, या बाईला हे ऐकवत नाही, आणि झाकण पुन्हा बसतं. दुसरा मोह चौकशीचा: 'तुम्हाला कुणी थांबायला सांगितलं होतं का?' तसं विचारलं की ताणाखालची स्मरणशक्ती सोयीचं उत्तर तयार करून देऊ शकते, आणि मग त्या उत्तरावर सगळा डोलारा उभा राहतो. मी एवढंच म्हटलं, "तिथेच राहा. परत दारापासून सांगा." तो दारापासून ॲम्ब्युलन्सपर्यंतचा तुकडा त्यांनी लागोपाठ तीनदा सांगितला. नव्वद, नव्वद, सत्तर. सत्तरावर थांबलो. आकडा शून्यावर आणायचा नसतोच. आपण हे सहन करू शकतो आणि ते उतरतं, एवढं शरीराला कळलं की पुरे.

डोळे उघडल्यावर ते स्वतःहून म्हणाले, "ती मरत होती आणि मला चोरीची काळजी पडली होती."

मी विचारलं, "कुलूप लावताना, ती परत येणार नाही हे तुम्हाला माहीत होतं?"

"नाही."

"मग काय वाटत होतं?"

त्यांनी उत्तर द्यायला वेळ घेतला. "परत येऊ. दोघं. म्हणून तर लावलं."

अपराधीपणावर काम करायचं म्हणजे साधारण हेच. आज जे माहीत आहे ते त्या दिवशीच्या माणसाच्या डोक्यात घालून त्याला दोषी ठरवलं जातं, ते दोन्ही वेगळे करून दाखवायचे. प्रश्न लहान ठेवायचे आणि निष्कर्ष आपण काढायचा नाही. 'परत येऊ म्हणून लावलं' हे मी म्हटलं असतं तर त्यांनी मान डोलावली असती, बस्स. पुढच्या सेशनला एक मोजणीही केली: मृत्यूला जे जे कारण झालं ते कागदावर लिहायचं आणि प्रत्येकाला शंभरातला वाटा द्यायचा, स्वतःचा वाटा सर्वांत शेवटी. हृदय बंद पडणं, घरी विजेचा झटका देणारं यंत्र नसणं, ॲम्ब्युलन्सला लागलेली बारा मिनिटं. छाती दाबणं किंवा तो झटका मिळाला नाही तर वाचायची शक्यता दर मिनिटाला सात ते दहा टक्क्यांनी घटते, हे ते स्वतःच कुठेसं वाचून आले होते. आणि ते कुलूप लावत होते तेव्हा छाती दाबायचं काम ॲम्ब्युलन्सच्या आत चालूच होतं. स्वतःसाठी त्यांनी पाच लिहिले. मी ते खोडायला लावले नाहीत. पाच घेऊन माणूस जगू शकतो.

घरी रोज रेकॉर्डिंग ऐकायचं असतं, आणि बिनसतं ते इथेच. पहिल्या आठवड्यात ते गाडी चालवताना ऐकत होते. ते धोक्याचं तर आहेच, शिवाय निरुपयोगी, कारण अर्धं लक्ष रस्त्यावर. मग कुलपाचा भाग पुढे ढकलत होते. मुलीने लक्षात आणून दिलं की ते झोपायच्या आधी ऐकतात, म्हणून झोप आणखी बिघडतेय. शेवटी ठरलं ते असं: संध्याकाळी, खुर्चीत बसून, एका बैठकीत, ऐकण्याआधीचा आणि नंतरचा आकडा लिहून, आणि लगेच मुलीबरोबर फिरायला बाहेर. दुसऱ्या दिवशी माझा पाच मिनिटांचा फोन. तो फोन उपचाराचाच भाग आहे.

याच्या जोडीला दार. टाळलेल्या जागी मुद्दाम, ठरवून, रोज जायचं. आधी बंद पुढच्या दारासमोर दहा मिनिटं उभं राहायचं. मग किल्ली हातात घेऊन. मग कुलूप उघडायचं आणि लावायचं. मग एकदाच ओढून पाहून निघून जायचं. शेवटी रोजचं येणंजाणं तिथूनच. दुसऱ्या पायरीला आकडा आठवडाभर हललाच नाही. खोदून विचारल्यावर कळलं की दारात उभं असताना ते फोनवर बोलत असत. लक्ष दुसरीकडे ठेवून तिथे उभं राहणं हेही टाळणंच. फोन घरात ठेवायला सांगितला आणि चार दिवसांत ऐंशीचे पंचेचाळीस झाले.

दहाव्या सेशनला आढावा. त्यानंतर आनंदाच्याही आठवणी लिहून आणायच्या, मग जराशा कटकटीच्याही. त्यांना दुसरं फार अवघड गेलं. गेलेल्या माणसाच्या खोड्या आठवणं म्हणजे गद्दारी वाटते, पण त्याशिवाय ती व्यक्ती माणूस म्हणून परत येत नाही, तसबीरच राहते. पत्नी उधळी होती, हे त्यांनी तेराव्या सेशनला सांगितलं आणि हसले.

औषधाचं विचाराल तर ते चालूच ठेवलं होतं आणि ठेवावंच. शिअर यांच्या 2005 च्या अभ्यासात या पद्धतीने 51 टक्के लोकांना फरक पडला, त्यांची तुलना ज्या नेहमीच्या थेरपीशी केली तिने 28 टक्क्यांना. म्हणजे जवळजवळ निम्म्यांना याही पद्धतीने पुरेसा फरक पडत नाही, हे पहिल्याच सेशनला सांगून टाकावं. 2016 च्या 395 जणांच्या अभ्यासात गोळीने शोकावर जादा काही साधलं नाही, पण थेरपीच्या जोडीने नैराश्याची लक्षणं मात्र अधिक कमी झाली.

शोकाची तीव्रता मोजणारी एकोणीस प्रश्नांची जी यादी असते, तिच्यावर ते सुरुवातीला 43 वर होते. सोळाव्या सेशनला 21. पुढचं दार वापरतात. पत्नीच्या वाढदिवसाच्या आधीच्या पंधरवड्यासाठी कागदावर बेत केलेला आहे: कोण सोबत असेल, काय करायचं, आकडा आठच्या वर गेला तर कुणाला फोन. झोप मात्र अजून पाच तासांच्या वर जात नाही. हे झोप न येणं शोकामुळे सुरू झालं असेल, पण आता त्याची सवयच पडलीय. त्यासाठी निद्रानाशाची वेगळी थेरपी लागते, म्हणून ती करणाऱ्या सहकाऱ्याकडे चिठ्ठी दिली आहे.