पोलीस रिपोर्टमधली एक ओळ

चोपड्याकडचा एक पोरगा एका निमसरकारी ऑफिसात क्लार्क म्हणून लागला, पाच महिने काम पण केलं आणि मग पोलीस व्हेरिफिकेशनचा रिपोर्ट आला की याच्यावर भादंवि कलम ३२४ चा (धोकादायक हत्याराने दुखापत) गुन्हा दाखल होता. झालं, दोन ओळींची ऑर्डर, माहिती लपवली म्हणून सेवा समाप्त. ना नोटीस ना काही विचारणं.

गुन्हा कसला तर शेताच्या बांधावरून भाऊबंदकीतली मारामारी, तेव्हा हा १९ वर्षांचा. आमच्या खानदेशात अशा भांडणात घरातल्या झाडून सगळ्या पुरुषांची नावं फिर्यादीत घालतात. नोकरी लागताना स्वतःची माहिती द्यायचा अटेस्टेशन फॉर्म भरायच्या दोन वर्षं आधीच तो निर्दोष सुटलेला.

त्याचा वकील म्हणून मी औरंगाबाद खंडपीठात रिट याचिका टाकली. सुनावणीच्या आदल्या रात्री मी तो अटेस्टेशन फॉर्म परत वाचला आणि झोपच उडाली, कारण त्यात विचारलं होतं की खटला "प्रलंबित" आहे का आणि शिक्षा झालीय का, एवढंच! पोराने दोन्हीला नाही लिहिलं, ते खरंच होतं. अवतार सिंग केसमधे २०१६ ला सुप्रीम कोर्टाने हेच सांगितलंय की फॉर्ममधला प्रश्न नेमका पाहिजे, जे विचारलंच नाही ते लपवलं म्हणता येत नाही. शिवाय लहान वयातला किरकोळ गुन्हा असेल तर नोकरी देणाऱ्याने सगळं तोलून बघायचं असतं.

समोरच्या वकिलांनी पोलीस रिपोर्टच वाचून दाखवला. जजसाहेबांनी फक्त विचारलं, ऑर्डरमधे निर्दोष सुटल्याचा उल्लेख कुठाय? नव्हताच.

ऑर्डर रद्द, आठ आठवड्यांत पोराचं म्हणणं ऐकून नव्याने निर्णय घ्या.

बाहेर त्याचे वडील उभे, रात्रभर एस्टीत बसून आलेले. "काय व्हयनं वकीलसाहेब, पोऱ्याले नोकरी भेटनी ना मंग?"

इथं माझा गळा दाटला. कारण माणूस नोकरीला लायक आहे का हे अशा केसमधे बहुतेकदा कोर्ट स्वतः ठरवत नाही, निर्णय कसा घेतला तेवढं तपासतं, आणि ते बरोबरही आहे, पण पोराचा पगार बंद झालेल्या बापाला हे कोणत्या तोंडाने सांगायचं. मी म्हटलं, काका, अजून नाही, पण आता ऑफिसवाल्यांना तो निर्दोष सुटल्याचं निकालपत्र वाचावंच लागेल.

ते काही बोलले नाहीत. पिशवीतून त्याच निकालपत्राची सर्टिफाईड कॉपी काढली, प्लास्टिकमधे गुंडाळलेली, आणि माझ्या हातात दिली. त्याच संध्याकाळी ऑफिसला द्यायचा अर्ज टाईप केला आणि तीच कॉपी सगळ्यात वर लावली.