पाकिटातला आहेर

आज भाचीच्या लग्नाचा आहेर घ्यायला नागपूरच्या सीताबर्डीवर बाजारात गेले. दोन तास फिरले, काहीच मनाला येईना. शेवटी पाकिटात 5,001 रुपये घातले. वरचा एक रुपया आईची आठवण. शून्यावर संपणारा आहेर तिला चालतच नसे.

पैसे देणं म्हणजे हात झटकणं, असं मला कायम वाटत आलंय. संध्याकाळी महाल भागात भाचीकडे गेले, पाकीट देताना अवघडलेच. ती हळूच म्हणाली, "मावशी, पुण्याच्या खोलीचं डिपॉझिट भरायचंय गं, फार बरं झालं." माझ्या लग्नात सहा लेमन सेट आले होते, चार अजून माळ्यावर आहेत. आईनं दिलेली इरकल मात्र आजही नेसते. उद्या इतवारीत जाऊन भाचीला एक साडीही आणतेच.