दीड फुटावर पाणी

परवा माळा आवरताना तो जुना ब्लेझर सापडला, पिनांनी एवढा जड झालाय की हँगरच वाकलाय. रोटरी यूथ एक्स्चेंजला, म्हणजे वर्षभर परदेशात होस्ट कुटुंबात राहून तिथल्या शाळेत शिकायला गेलेल्यांना माहीत असेल, वेगवेगळ्या देशांची पोरं भेटली की एकमेकांना पिना देतात आणि वर्षाच्या शेवटी अंगावरच्या ब्लेझरचा पार नंदीबैल होतो. माझं ते वर्ष 2016-17, लातूर ते अमेरिकेतलं मिनेसोटा. आणि कुणी विचारलं की त्यातलं सगळ्यात जास्त काय आठवतं, तर पाणी.

2016 ला मी दहावीला होते. मार्चमध्ये लातुरात पाणी भरायच्या ठिकाणी 144 कलम लावलं होतं, एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, पहिल्या फेरीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. जूनमध्ये निकाल लागला, मार्क चांगले पडले आणि घरात भांडण सुरू झालं. कारण लातुरात दहावीला चांगले मार्क पडलेलं लेकरू अकरावी सायन्स न घेता एक वर्ष अमेरिकेत जाऊन बसणार म्हणजे घरावर संकटच, त्यात मेडिकलच्या नीट परीक्षेचं सगळं त्याच वर्षी डोक्यावर आलेलं. काका तर सरळ म्हणाले, "वर्ष वाया घालवायलीस." बाबा गप्प बसून फॉर्मवर सही करून मोकळे झाले. आईने मात्र बॅग भरताना एकच गोष्ट तीनदा सांगितली, "तिकडं पाण्याचं काही सांगू नको बरं का. वेरूळ दाखव, अजिंठा दाखव. घागरी-बिगरीचे फोटो नको दाखवू, लोक काय म्हणतील आपल्याला."

आणि मी गेले कुठे, तर जिथे गाडीच्या नंबरप्लेटवरच दहा हजार तळी असं लिहिलेलं असतं! खरी मोजली तर दहा एकरांहून मोठी अशी 11,842 भरतात, म्हणजे आपल्याकडे आकडा फुगवून सांगतात आणि हे लोक कमी करून सांगतात.

पहिली फजिती बाथरूममध्ये. बादली नाही, मग्गा नाही, नुसता शॉवर. गरम पाणी यायच्या आधी जे थंड पाणी वाहून जातं ना, ते बघून माझ्या पोटात कालवायचं, म्हणून मी गॅरेजमधली आइस्क्रीमची मोठी प्लास्टिकची बादली आणली, त्यात ते पाणी धरायचं आणि खिडकीतल्या कुंड्यांना घालायचं. साबण लावताना शॉवर बंद. आठवडाभराने होस्ट मॉमने अगदी हळू आवाजात विचारलं की शॉवर बिघडलाय का, की तुला आंघोळ आवडत नाही, कारण पाण्याचा आवाज दोन मिनिटांत थांबतो. मी म्हणाले सवय आहे. कसली सवय ते सांगितलं नाही, आईला शब्द दिलेला.

शाळेचं काय सांगू, लॉकर, पिवळी बस, दर तासाला आपणच वर्ग बदलत पळायचं, शिक्षक मात्र जागेवर. पहिला महिना मी प्रत्येक तासाला उशिराच. त्यात रोटरीचे फोर डीज, म्हणजे ड्रिंकिंग, ड्रायव्हिंग, डेटिंग, ड्रग्ज सगळं बंद, नियम मोडला तर घरी रवानगी. (काकांना हे आधी सांगितलं असतं तर त्यांनीच तिकीट काढून दिलं असतं.) त्याच पावसाळ्यात इकडे लातूरला पाणी देणारं मांजरा धरण भरलं, बाबा फोनवर रडल्यासारखं बोलायले होते. आणि 8 नोव्हेंबरला आमच्या होस्टच्या घरी सगळे टीव्हीसमोर ट्रम्प का हिलरी बघत बसलेले, तर आईचे मेसेजवर मेसेज, पाचशे-हजाराच्या नोटा बंद झाल्या, डाळीच्या डब्यातल्या नोटांचं काय करू.

मग थंडी आली. उणे 20 फॅरेनहाइट, आपलं उणे 29. नाकातले केस गोठतात, खोटं नाही सांगत. जानेवारीत होस्ट डॅड म्हणाले चल मासे पकडायला, आणि पिकअप गाडी सरळ तळ्यावर घातली. मी सीट घट्ट धरून बसले, डोळ्यांसमोर नुसती आई. बर्फावर उतरल्यावर त्यांनी एक मोठा गिरमिट काढला आणि भोक पाडायला लागले, आणि मला एकदम आमच्या गल्लीतला बोअर आठवला. सातशे फूट खाली गेले होते, नुसता फुफाटा निघत होता, सगळी गल्ली तोंडाला पदर-रुमाल लावून बघत उभी, आणि त्याच्या आदल्या दिवशी पाणाड्याने तळहातावर नारळ ठेवून छातीठोक सांगितलं होतं की इथेच लागणार. इथे दीड फूट गेलं आणि भोकातून भसकन पाणी वर आलं, माझ्या बुटांवर. मी रडायला लागले. डॅडना वाटलं पाय गारठले.

तिथेच उलट्या बादलीवर बसून मी सगळं सांगितलं. रेल्वे, 144, बोअर, नारळ. ते नारळावर हसले नाहीत. म्हणाले माझे आजोबा पण झाडाची दुबेळकी फांदी हातात धरून विहिरीची जागा शोधायचे.

पुढच्या महिन्यात शाळेत प्रेझेंटेशन होतं, मी वेरूळच्या कैलास लेण्याच्या स्लाइड्स दाखवल्या, एकाच दगडातून वरून खाली कोरलंय वगैरे, पोरं आपली जांभया देत होती. शेवटी मी घागरींच्या रांगेचा फोटो टाकला. तेव्हा पहिल्यांदा हात वर झाले. एका डेअरीवाल्याच्या मुलीने विचारलं, मग गायींचं काय केलं? मी छावण्यांबद्दल सांगितलं, चारा, पाणी, दावणीला गुरं आणि तिथेच मुक्काम करणारी माणसं. तास संपला तरी ती थांबून विचारत होती, एका गायीला दिवसाला किती पाणी द्यायचे म्हणून. तिला खरंच हिशोब लावायचा होता.

जून 2017 ला परत आले. अकरावीत माझ्याहून एक वर्ष लहान पोरींबरोबर बसले, काका अजूनही ते वर्ष काढतात, काढू देत. पण परत आल्यावर तिसऱ्या दिवशी नळाला पाणी आलं, सगळी गल्ली पाइप-घागरी घेऊन बाहेर, आणि बघते तर माझी आई, जिने पाण्याचं काही बोलायचं नाही म्हणून बजावलं होतं, ती कमरेवर हात ठेवून बायकांना सांगायली होती, "तळ्यावर गाडी चालवतात माय, आणि बोअर घेतला की दीड फुटावर पाणी!"

शेजारच्या काकूंनी घागर खाली ठेवली नि विचारलं, "मग नारळ कुणी धरला होता?"