तुम्ही विचारलंत म्हणून: हलाखीत सिनेमा चांगला होतो का?

सिनेमा संपतो, दिवे लागतात, चर्चा सुरू होते आणि दहा मिनिटांत कुणीतरी तो प्रश्न विचारतंच. "इराण बघा, क्युबा बघा. खायचे वांधे, वर सरकारचा दट्ट्या, आणि सिनेमा मात्र अस्सल. सुबत्तेत कला मरते का हो?" मी जगभरचे सिनेमे दाखवतो आणि त्यांच्याबद्दल बोलतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्याच पदरी येतो. तेव्हा मी काहीतरी गुळमुळीत बोलून सुटतो. आज जरा नीट सांगतो.

आधी माझीच एक गंमत. तरुणपणी आम्ही चौघांनी मिळून एक लघुपट केला. तो पाहून एका जाणकारांनी 'अंधाराचा धाडसी वापर' असं कौतुक केलं. आम्ही माना डोलावल्या. खरी गोष्ट अशी की दुसरा लाइट भाड्याने घ्यायला पैसेच नव्हते. तेव्हापासून 'टंचाईचं सौंदर्यशास्त्र' वगैरे शब्द कानावर आले की मला तो न आलेला लाइट आठवतो.

टंचाईने कलेचं रूप बदलतं, हे मात्र खरंच. रशियात १९१९ मध्ये सिनेमाचं राष्ट्रीयीकरण झालं तेव्हा यादवी युद्ध चालू होतं आणि बाहेरून कच्ची फिल्म येत नव्हती. लेव्ह कुलेशोव हा दिग्दर्शक आपल्या विद्यार्थ्यांकडून 'फिल्मविना फिल्म' बसवून घ्यायचा, म्हणजे शॉट पाडल्यासारखी दृश्यं रंगमंचावर करायची. ही गोष्ट सांगताना आपण फिल्म नव्हती एवढंच सांगतो. त्याच वर्षी मॉस्कोत सरकारी सिनेशाळा निघाली होती, हे सांगायचं राहून जातं. टंचाई तर सगळ्या देशालाच होती. शिकायला आणि चुका करायला जागा मात्र या मोजक्या पोरांना मिळाली होती.

नायजेरियाचं उदाहरण मला सगळ्यात आवडतं, कारण तिथे सिनेमाच्या पाठीशी शाळाही नव्हती आणि सरकारही नव्हतं. तेलाच्या पैशाच्या दिवसांत तिथे सेल्युलॉइडवर सिनेमे होत. लोकांनी घरी टीव्ही आणि व्हीसीआरही घेतले. मग तेलाचे भाव पडले, १९८६ मध्ये आर्थिक पुनर्रचनेचा कार्यक्रम आला आणि नायरा हे तिथलं चलन गडगडलं. फिल्म परदेशातून आणायची, धुवायलाही परदेशी पाठवायची आणि पैसे परकीय चलनात मोजायचे, हे कुणाच्याच आवाक्यात राहिलं नाही. लागोसमध्ये रात्री बाहेर पडायची लोकांना भीती वाटू लागली, थिएटरं ओस पडली. म्हणजे सिनेमाचा धंदा संपल्यात जमा होता. पण घरोघरी व्हीसीआर होते, टीव्ही मालिकांतले नट आणि तंत्रज्ञ कामाच्या शोधात होते आणि बाजारात कोऱ्या कॅसेटींचे ढीग होते. केनेथ न्नेब्वे नावाच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या व्यापाऱ्याने १९९२ मध्ये 'लिव्हिंग इन बॉन्डेज' ही इग्बो भाषेतली व्हिडिओ फिल्म काढली. ती कोऱ्या कॅसेटी खपवण्यासाठी काढली, असं आजही सांगतात. पुढे युनेस्कोने मोजलं, तेव्हा २००६ या एका वर्षात नायजेरियात ८७२ व्हिडिओ फिल्म निघाल्या होत्या. भारताच्या १,०९१ च्या खालोखाल आणि अमेरिकेच्या ४८५ च्या कितीतरी वर.

ही कहाणी ऐकली की लोक खूश होतात: पाहा, संकटाने उद्योग उभा केला! पण तो कुणी चालवला? पैसा कॅसेट व्यापाऱ्यांचा होता, त्यामुळे काय काढायचं, कोणती नटी घ्यायची, किती दिवसांत उरकायचं हे तेच ठरवू लागले. एक कॅसेट खपली की तिच्यासारख्या दहा. नायजेरियातल्या दिग्दर्शकांना सरकारी सेन्सॉरइतकाच बाजारपेठेतल्या या शेठ लोकांचा जाच होता. मला विचाराल तर तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. हलाखीत पैशाच्या बहुतेक वाटा बंद होतात, एखादीच उघडी राहते, आणि तिच्या दाराशी जो बसला असेल तो कथा ठरवतो.

इराणमध्ये त्या दाराशी सरकार बसलं होतं. क्रांतीनंतर १९८३ मध्ये फाराबी सिनेमा फाउंडेशन स्थापन झालं. त्याच सुमारास इराकशी युद्धही चालू होतं. कच्ची फिल्म आणि कॅमेरे आणायचे तर त्यांच्याच मार्फत. पटकथा मंजूर व्हायची, मग सिनेमाला श्रेणी मिळायची आणि श्रेणीवर थिएटर ठरायचं. त्या देशातल्या लहान मुलांच्या सिनेमांवर आपण किती भाळतो! त्यातली निरागसता अभावातून आली, असं समजतो. प्रत्यक्षात मुलांसाठी काम करणारी 'कानून' ही संस्था क्रांतीच्या आधी, १९६५ मध्येच निघाली होती आणि किआरोस्तामीसारखा दिग्दर्शक तिच्याच चित्रपट विभागात घडला. शिवाय पडद्यावरच्या बाईने स्वतःच्या घरातही, नवऱ्यासमोरही डोकं झाकलेलंच ठेवायचं, असा नियम झाल्यावर मोठ्यांच्या संसाराची खरी वाटेल अशी गोष्ट कशी सांगणार? मूल रस्त्यावर पळत सुटलं तर निदान ही अडचण येत नाही. पुढे डिजिटल कॅमेरे आले आणि फिल्मच्या डब्याची किल्ली निरुपयोगी झाली. मग माणसालाच कुलूप लावायची वेळ आली. २०१० मध्ये जाफर पनाही या दिग्दर्शकाला सहा वर्षांची कैद आणि वीस वर्षं सिनेमा करण्यावर बंदी अशी शिक्षा सुनावली गेली. पुढच्याच वर्षी त्याने घरात बसून, काही भाग फोनवर चित्रित करून, एक सिनेमा देशाबाहेर पोचवला. शौर्याची गोष्ट आहे, वादच नाही. पण बंदीमुळे तो मोठा दिग्दर्शक झाला असं म्हणताना आपण बंदी घालणाऱ्याच्या पाठीवर थाप मारतोय, हे लक्षात येतं का आपल्या?

"मग कोरिया?" हा पुढचा प्रश्न ठरलेला, म्हणजे दक्षिण कोरिया. १९९७ च्या आर्थिक संकटातून कोरियन लाट आली, असं सगळीकडे वाचायला मिळतं. क्रम जरा तपासू या. 'जुरासिक पार्क'ची कमाई पंधरा लाख ह्युंदाई गाड्यांच्या निर्यातीइतकी आहे, हा हिशेब १९९४ मध्येच राष्ट्राध्यक्षांपुढे मांडला गेला होता. सिनेमाची पूर्व-सेन्सॉरशिप घटनाबाह्य आहे, असा निकाल तिथल्या घटनात्मक न्यायालयाने १९९६ मध्ये दिला. थिएटरांना वर्षाचे १४६ दिवस देशी सिनेमा दाखवणं आधीपासून बंधनकारक होतं. मग संकट आलं. सॅमसंग, देवू यांसारख्या बड्या समूहांनी सिनेमातून अंग काढून घेतलं, त्यांच्या जागी व्हेंचर भांडवल आलं आणि १९९९ मध्ये सांस्कृतिक उद्योगांना चालना देणारा कायदा झाला. म्हणजे संकट आलं तेव्हा जमीन नांगरून तयार होती. ज्या देशांत ती तयार नव्हती तिथेही त्या काळात संकटं आलीच, त्यांच्या लाटांबद्दल मात्र कुणी विचारत नाही.

आणि त्याच कोरियाची दुसरी बाजू. सरकार पैसे देऊ लागलं की याद्याही करू लागतं. राष्ट्राध्यक्ष पार्क ग्युन-हे यांच्या कारकिर्दीत जवळपास साडेनऊ हजार कलावंतांची काळी यादी असल्याचं २०१६ मध्ये उघड झालं. कुणी सेवोल बोटीच्या दुर्घटनेनंतर निवेदनावर सही केली होती, कुणी विरोधी उमेदवाराला पाठिंबा दिला होता. तुरुंग नाही, बंदी नाही. फक्त अनुदान मिळायचं नाही. त्या काळातल्या याद्यांत दिग्दर्शक बाँग जून-होचंही नाव होतं. २०२० मध्ये त्याला ऑस्कर मिळालं तेव्हा तो देशाचा अभिमान झाला.

म्हणून सरकारी पैसाच नको, असं म्हणणारेही भेटतात. अमेरिकेत महामंदीत बेकार नटांसाठी १९३५ मध्ये फेडरल थिएटर प्रोजेक्ट काढला. सरकारी रोजगार योजनेचे प्रमुख हॅरी हॉपकिन्स यांचं म्हणणं साधं होतं, कलाकारांनाही इतरांसारखं पोट असतं. १९३८ मध्ये प्रकल्पाच्या संचालिका हॅली फ्लॅनगन यांची संसदीय समितीपुढे चौकशी झाली. एका सदस्याने त्यांना विचारलं, हा मार्लो कोण, कम्युनिस्ट आहे का? शेक्सपिअरच्या काळातला नाटककार! पुढच्या वर्षी काँग्रेसने प्रकल्पाचे पैसे बंद केले. याउलट ब्रिटनमध्ये थॅचरबाईंच्या काळात बेकारांना स्वतःचा धंदा काढण्यासाठी वर्षभर आठवड्याला ४० पौंड द्यायची योजना होती. कलेशी तिचा काही संबंध नव्हता. क्रिएशन रेकॉर्ड्स या संगीत कंपनीचा ॲलन मॅगी आणि चित्रकार ट्रेसी एमिन यांनी ती घेतली होती. कुणी पटकथा मागितली नाही की सूर तपासले नाहीत. माझं मन या ४० पौंडांवर जडलंय.

ब्राझीलबद्दल मात्र मला कुणीच विचारत नाही. १९९० मध्ये कोलोर राष्ट्राध्यक्ष झाले, लोकांच्या बँकेतल्या ठेवी गोठवल्या आणि एम्ब्राफिल्मे ही सरकारी चित्रपट संस्था बंद केली. पुढची दोन-तीन वर्षं तिथे नवे सिनेमे बोटांवर मोजण्याइतकेच निघाले. हलाखी होती, राजकारण होतं, तुमच्या सूत्राप्रमाणे सगळी सामग्री हजर होती. मी त्या वर्षांचा महोत्सव भरवायचा म्हटलं तर एका दुपारी आटपेल.

त्या वर्षांत जे सिनेमा करणार होते त्यांनी काय केलं असेल, याचा विचार करताना मला आमचा कॅमेरामन आठवतो, एका लाइटवर सगळा लघुपट काढणारा. आम्हा चौघांत हात त्याचा होता, बाकी आम्ही बोलघेवडे. त्यानंतर दोन वर्षं त्याने काम शोधलं, मग विमा कंपनीत लागला. मध्यंतरी भेटला तेव्हा त्या 'धाडसी अंधारा'ची आठवण काढून आम्ही पोटभर हसलो. मग त्याने विचारलं, तो दुसरा लाइट तेव्हा किती भाड्याने मिळत होता रे? मला आकडा अजून पाठ आहे. त्यालाही होता.