खिडकीतला त्रिकोण

पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी मी काचेच्या तुकड्यावर झिंक ऑक्साइडचा पातळ थर चढवून पाच बाय पाच असे पंचवीस पिक्सेल तयार केले होते. नेहमीच्या कॅमेऱ्यात प्रकाश टिपणारा सेन्सर वेगळा आणि चित्र साठवणारी मेमरी वेगळी असल्यामुळे माहितीच्या ने-आणीतच बरीच ऊर्जा खर्च होते, तर डोळ्याचा पडदा पाहतापाहताच निवड करून मेंदूकडे मोजकेच पाठवतो. त्या पडद्याच्या धर्तीवर घडवलेल्या सिलिकॉन रेटिनाचे वर्णन अमेरिकेतील कॅलटेक विद्यापीठाच्या मिशा माहोवाल्ड आणि कार्व्हर मीड यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केले होते. आमचा प्रयत्न थोडा निराळा होता: पाहणाऱ्या पिक्सेलनेच लक्षातही ठेवावे.

झिंक ऑक्साइडला ही खोड उपजतच असते. अंधारात हवेतला ऑक्सिजन थराच्या पृष्ठभागावर चिकटून इलेक्ट्रॉन अडकवून ठेवतो. अतिनील प्रकाशाने निर्माण झालेले होल, म्हणजे इलेक्ट्रॉन निघून गेल्याने उरलेल्या धनभारित रिकाम्या जागा, त्या ऑक्सिजनची सुटका करतात आणि अडकलेले इलेक्ट्रॉन वाहू लागतात. प्रकाश गेला तरी ऑक्सिजन पुन्हा चिकटेपर्यंत प्रवाह मूळ पातळीवर येत नाही. वेगवान प्रकाशशोधक बनवणारे या रेंगाळण्याला वैतागतात. आमचे सारे भांडवल मात्र तेच होते.

त्या दिवशी मास्कमधून, म्हणजे आकार कापलेल्या आडपडद्यातून, चिपला अधिकचे चिन्ह दाखवायचे होते. त्याआधी प्रत्येक पिक्सेलचा अंधारातला प्रवाह मोजताना सहा पिक्सेल इतरांपेक्षा कितीतरी अधिक प्रवाह देत असल्याचे आढळले. मी प्रोबच्या सुया पुसल्या, केबल बदलल्या, थरातच दोष असावा असे ठरवून नवा नमुना करण्याची तयारीही केली. दुपार त्यातच गेली.

सरांनी वही पाहिली आणि म्हणाले, "आकडे एकाखाली एक कशाला लिहितेस? पिक्सेल जिथे आहे तिथे लिही."

चौकटी आखून आकडे भरले, तेव्हा वरच्या डाव्या कोपऱ्यात तीन, त्याखाली दोन, त्याखाली एक असा नेटका त्रिकोण उमटला. दोष इतका शिस्तीत बसत नाही.

"सकाळी नमुन्याची डबी कुठे होती?" सरांनी विचारले.

डबी खिडकीच्या कट्ट्यावर होती, आणि तिचे काळे झाकण तिरके सरकलेले होते. खिडकीची काच तीव्र अतिनील किरण अडवते, पण ३७० नॅनोमीटरच्या आसपासचे बरेचसे आत येऊ देते आणि झिंक ऑक्साइडला तेवढे पुरतात. मी यंत्राची वेळ नोंदवून परत येईपर्यंत चिपने ऊन पाहिले होते आणि झाकणाच्या सावलीची कडही टिपली होती. आम्ही न दाखवलेले चित्र तिने लक्षात ठेवले होते, याचा मला क्षणभर आनंदच झाला.

हॉट प्लेटवर तापवून ते पुसावे, असे मी सुचवले. सरांनी आधी ते किती टिकते हे मोजायला सांगितले. रात्रभर दर पंधरा मिनिटांनी रीडिंग घेतले; पहाटे त्रिकोण फिकट झाला होता, पण ओळखू येत होता. त्यानंतरच शंभर अंश सेल्सिअसला तापवले.

मग खरी अडचण ध्यानात आली. आधीच्या दोन महिन्यांत मोजलेले अकरा नमुने मोजणीपूर्वी कुठे पडून होते, याची वहीत एकही नोंद नव्हती. ते सगळे काळ्या कागदात गुंडाळून मी पुन्हा मोजले, आणि त्यांपैकी चारांचे आकडे बदलले.