शब्द का कळत नाहीत?

"गाणं गोड आहे, पण शब्द कळत नाहीत. मुद्दाम केलंय का?" माझं 'ओसरी' हे गाणं आल्यापासून हा प्रश्न मला कॉलेज रोडवर चहा पिताना, लग्नाच्या पंगतीत, नाशिकरोड स्टेशनवर गाडीची वाट बघताना, सगळीकडे विचारला गेलाय. परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा नीट लिहिते.

हो, मुद्दाम. माझं गाणं ड्रीम पॉप या धूसर, तरंगत्या आवाजाच्या पाश्चात्त्य प्रकारातलं आहे. त्यात गाणारीचा आवाज वाद्यांच्या पुढे येऊन उभा राहत नाही, त्यांच्यात मिसळून जातो. स्कॉटलंडच्या कॉक्टो ट्विन्स या बँडची गायिका एलिझाबेथ फ्रेझर कित्येकदा अर्थ लागणारच नाही असं गायची. त्यांचा १९९०चा 'हेवन ऑर लास वेगास' हा अल्बम पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला एक ओळही धड कळली नव्हती, आणि तरी डोळे भरून आले होते. आपल्याला हे परकं का वाटावं? तराण्यात तर अर्थाचे शब्दच नसतात. विलंबित खयालात दोन ओळींची बंदिश 'आ'कारात विरून जाते, तेव्हा पहिल्या रांगेतलं कुणी शब्द मागत नाही. गिटार घेऊन मराठीत गायलं की मात्र लगेच भावगीताची मोजपट्टी बाहेर येते.

ती मोजपट्टी एकेकाळी माझ्याही हातात होती. पंचवटीत क्लासला जायचे तेव्हा शब्द खाणाऱ्या गायकांचा मला मनापासून राग यायचा. ती मुलगी आज समोर आली तर विचारेल, 'गीतरामायणा'त फडक्यांच्या गळ्यातून गदिमांचा एक तरी शब्द निसटतो का? नाही निसटत. पण तिथे कथा सांगायची होती. मला कथा सांगायची नव्हती. यावर ती म्हणेल, मग शब्द लिहिलेसच कशाला? इथे माझं उत्तर अडतं.

गाणं इंदिरानगरच्या माझ्या खोलीत झालं. कोरस आणि डीले या इफेक्टमधून काढलेली गिटार, खाली तानपुरा आणि माझाच आवाज एकावर एक चार थरांत. रिव्हर्बची, म्हणजे घुमण्याच्या इफेक्टची, शेपूट लांब ठेवली, म्हणजे एका अक्षराचा घुमारा पुढच्या अक्षरावर पसरतो. मग आवाजाच्या वरच्या कंप्रता कापल्या. 'स', 'च', 'त' यांची धार तिथेच असते. ती गेली की स्वर तेवढे उरतात. 'दारं मोजलीत तुम्ही, माणसं मोजली नाहीत' ही ओळ रेकॉर्डिंगमध्ये नुसती आ-ओ-ई अशी वाहते. ती जुन्या नाशकातल्या आमच्या वाड्याबद्दल आहे. वाडा बिल्डरला गेला तेव्हा घरात काय काय झालं, ते इथे लिहिणार नाही.

त्यानंतर गंगापूर रोडच्या एका छोट्या सभागृहात कार्यक्रम होता. साउंडवाले दादा ऑर्केस्ट्रा आणि भजनांत मुरलेले, कानाचे पक्के. मिक्सरवर प्रत्येक चॅनेलखाली पांढरी पट्टी चिकटवून त्यावर निळ्या पेनने नावं लिहिली होती. माझ्या पट्टीवर 'ताई' होतं. साउंड चेकला मी म्हटलं, "दादा, व्होकल मागे राहू द्या, रिव्हर्ब भरपूर हवा." ते म्हणाले, "ताई, शब्द पोचले पाहिजेत. लोक तेच ऐकायला येतात." मी पुन्हा सांगितलं. त्यांनी मान हलवली.

दुसऱ्या कडव्याला त्यांनी रिव्हर्ब काढून घेतला आणि माझा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायचा खटका, वर सरकवला. माझ्यासमोरच्या मॉनिटर स्पीकरमध्ये माझा आवाज कोरडा, एकटा येऊ लागला. थांबता येत नव्हतं. पुढची ओळ तीच होती, 'दारं मोजलीत तुम्ही'. काका तिसऱ्या रांगेत बसले होते. मीच त्यांना पास दिला होता. मी ओळ गायले, आणि सभागृहात प्रत्येक अक्षर वेगवेगळं ऐकू आलं. काकांनी चष्मा काढला, पुसला आणि हातातच धरून ठेवला. गाणं संपेपर्यंत तो परत घातला नाही. टाळ्या नेहमीपेक्षा जास्त पडल्या.

बाहेर पार्किंगमध्ये काका म्हणाले, "आमच्याबद्दलच होतं ना ते?"

मी म्हटलं, "काका, गाणं आहे ते."

"असू दे. आमच्याबद्दल लिहिलंस, मग आम्हाला कळेल असं तरी म्हणायचं होतंस. घरी मोबाइलवर कितीदा लावलं, काही कळत नव्हतं." आणि स्कूटर सुरू करून गेले.

दादांवर मी अजून रागावलेली आहे. गाण्याचा आवाज कसा असावा, हे ठरवायचा हक्क माझा होता. माझा मिक्स मी बदललेला नाही आणि बदलणारही नाही. पंचवटी एक्सप्रेसने रोज मुंबईला जाणारी एक मुलगी सांगत होती, कसाऱ्याच्या बोगद्यांत ती हेच गाणं लावते आणि तिला त्यात तिची आई आठवते. शब्द स्वच्छ असते, तर तिला माझा वाडा दिसला असता. हे मला खरंच पटतं.

पण तुम्ही "काही लपवायचं होतं का?" असंही विचारलंत. पूर्वी मी ताडकन "नाही" म्हणायचे. वरच्या कंप्रता कापल्या तेव्हा मला फक्त तो आवाज हवा होता, अशीच माझी आठवण आहे. तरी त्या संध्याकाळनंतर "नाही" तोंडातून सहज निघत नाही. कोरड्या आवाजाची एक फाइल माझ्याकडे आहे, कुणालाही दिलेली नाही. काकांनी मागितली तर द्यावी लागेल. अजून तरी त्यांनी मागितलेली नाही.